घाटाचा नाईक

एरंडोलहून निघून धरणगावमार्गे चोपड्याचा रस्ता धरावा. तापीचा पूल ओलांडला, की उत्तरेच्या क्षितिजावर एक निळसर रेघ दिसू लागते. पावसाळा सरलेला असावा, शेतात कपाशी फुटलेली असावी, आणि सकाळचे ऊन अजून कोवळे असावे; मग ती रेघ इतकी स्पष्ट दिसते, की हात लांब केला तर बोटाला निळा रंग लागेल असे वाटते. हाच आमचा सातपुडा. आम्ही खानदेशी माणसे जन्मभर त्याच्या पायथ्याशी राहतो, त्याच्याकडून येणारा वारा अंगावर घेतो. पण त्याच्या माथ्यावर काय घडून गेले ते विचाराल, तर आमच्यापैकी शंभरात पाचांनाही सांगता येणार नाही. मीही त्या पंचाण्णवांतलाच होतो. माझे अज्ञान उघडे पाडले ते माझ्याच वर्गातल्या एका मुलाने.

वर्गात १८५७ चा पाठ चालला होता. मेरठ झाले, दिल्ली झाली, कानपूर झाले, झाशीची राणी तर मी अगदी रंगवून सांगितली. मग खानदेशाची आठवण म्हणून सहज सांगितले, की आपल्या शेजारच्या धरणगावी इंग्रजांनी भिल्लांची एक पलटण उभारली होती आणि सातपुड्यातले बंड मोडायला तिचा उपयोग झाला. मागच्या बाकावरून एक हात वर झाला. मुलगा भिल्ल वस्तीतला, अबोल. उभा राहून म्हणाला, "गुरुजी, पलटणीत आमच्यातलेच होते, आणि डोंगरातले बंडवालेही आमच्यातलेच होते. मग आम्ही कोणत्या बाजूचे?" त्याच्या घरी म्हणे पिढ्यान्‌पिढ्या एक गोष्ट सांगतात, की आपला एक पूर्वज त्या पलटणीत शिपाई होता. त्या गोष्टीचा अभिमान धरावा की लाज वाटून घ्यावी, हे त्या पोराला कळेना.

मला उत्तर आले नाही. तेवढ्यात घंटा झाली आणि मी सुटलो. पण मास्तराची अशी सुटका खरी नसते. तो प्रश्न माझ्याबरोबर घरी आला, जेवायला बसला आणि रात्री उशाशी येऊन बसला. अखेर दिवाळीची सुटी लागताच मी पिशवीत दोन धोतरे, एक वही आणि कळण्याच्या भाकरी टाकल्या आणि सेंधव्याच्या घाटाकडे निघालो.

डोंगरातल्या खिंडी म्हटल्या, की आपल्या डोळ्यांपुढे हिमालय उभा राहतो आणि त्यात गैर काही नाही. १९४८ साली, ऐन दिवाळीच्या दिवसांत, नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला जनरल थिमय्यांच्या सैन्याने झोजी ला ही सुमारे साडेअकरा हजार फूट उंचीची खिंड रणगाडे चढवून जिंकली आणि लडाखची वाट मोकळी केली. इतक्या उंचीवर रणगाडे येतील हे शत्रूच्या स्वप्नातही नव्हते. त्या पराक्रमापुढे आमचा सेंधव्याचा घाट म्हणजे अंगणातली पायरी! पण खिंडीचे मोठेपण नुसत्या फुटांत मोजू नये. ती बंद झाली तर कोणाचे काय अडते, आणि ती उघडी ठेवण्यासाठी कोणाला काय मोल द्यावे लागते, यावर तिचे मोठेपण ठरते. त्या मापाने पाहिले तर आमचा घाट लहान नाही.

सातपुड्याची भिंत खानदेश आणि निमाड यांच्यामध्ये पूर्व-पश्चिम पसरली आहे. तिला मोठी दारे दोन. एक पूर्वेला, बऱ्हाणपूरजवळ, असीरगडाच्या पहाऱ्याखाली. सुरतेहून आग्र्याला जाणारे व्यापारी मोगल अमदानीत त्या दाराने जात. ताव्हर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्याही त्याच वाटेने गेला. असीरगड घेतल्याखेरीज दक्षिण हाती येत नाही हे अकबराने ओळखले होते आणि १६०१ साली तो गड घेतल्यावरच त्याला समाधान वाटले. दुसरे दार पश्चिमेला, शिरपूरच्या उत्तरेस. हाच सेंधव्याचा घाट. माथ्यावर बिजासनी देवीचे ठाणे आहे, म्हणून लोक त्याला बिजासन घाट म्हणतात. पुढे मुंबई-आग्रा रस्ता याच घाटातून गेला आणि माळव्याचा सगळा दळणवळणाचा ओघ या अरुंद नळीतून वाहू लागला.

घाटातला प्रवास त्या काळी कसा होता, हे आज मोटारीत बसून समजणार नाही. चढावर गाडीला एका जोडीचे काम भागत नसे, जादा बैल जुंपावे लागत. उतारावर चाकांना अडण लावून गाडी इंचाइंचाने सोडावी लागे. बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य घालून चालत. तांडा वळणात शिरला, की पुढच्याला मागचा दिसत नसे. पाण्याच्या जागा ठरलेल्या, म्हणून मुक्कामाच्याही ठरलेल्या. अशा ठिकाणी वरच्या कड्यावर तिरकमठा घेऊन दहा माणसे बसली, तर खालच्या हजारांचा खोळंबा होतो. म्हणून राज्य कोणाचेही असो, या दहा माणसांशी समजुतीने राहणे प्रत्येक राज्याला भाग पडे.

ही समजूत जुनी होती. डोंगरातल्या भिल्ल नाईकाने घाट राखावा, वाटसरूला सुखरूप पार करावे, आणि त्याबद्दल त्याला ठरावीक हक्क मिळावा. सपाटीच्या गावांतही जागल्याचे काम बहुधा भिल्लाकडेच असे. गावात चोरी झाली तर माग काढायचा त्यानेच. या व्यवस्थेत एक साधे शहाणपण होते: ज्याला वाट ठाऊक आहे, त्याच्याच हाती वाटेची किल्ली द्यावी. पण त्या शहाणपणाला एक अट होती. हक्क वेळेवर पोचला पाहिजे. तो थांबला, की कालचा राखणदार आज लुटारू होई. आणि त्यात त्याला वावगे काही वाटत नसे, कारण त्याच्या लेखी करार दुसऱ्या बाजूने मोडलेला असे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या आरंभी हा करार मोडला. शिंदे-होळकरांच्या भांडणात १८०२ साली होळकरांच्या फौजा खानदेशात शिरल्या आणि मुलूख उजाड झाला. पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला. गावे ओस पडली. गावच नाही, तर जागल्या कोणाचा आणि हक्क द्यायचा कोणी? सपाटीवरचे भिल्ल डोंगरात गेले आणि डोंगरातले भिल्ल पोटासाठी खाली उतरू लागले. खानदेशाला 'भिल्लांचा उपद्रव' झाला असे जुन्या कागदांत लिहितात. भिल्लांना खानदेशाचा उपद्रव झाला, हेही तितकेच खरे आहे.

मग इंग्रज आले, आणि तेही याच दाराने. १८१७ च्या डिसेंबरात महिदपूरला होळकरांचा पराभव झाला. जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह होऊन सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख आणि त्याबरोबर सेंधव्याचा किल्ला होळकरांनी सोडून दिला. सर टॉमस हिस्लॉप फौज घेऊन घाट उतरला आणि २७ फेब्रुवारीला तापीकाठच्या थाळनेर किल्ल्यापुढे येऊन उभा राहिला. तह झाला तरी थाळनेरच्या लोकांनी दार सरळ उघडले नाही. दरवाजाच्या आतल्या चिंचोळ्या जागेत गैरसमज झाला म्हणा, संताप उसळला म्हणा, चकमक होऊन इंग्रजांचे अंमलदार पडले. मग बाकीची फौज आत घुसली आणि तिने किल्ल्यातील सुमारे ३०० माणसे कापून काढली. किल्लेदार तुळशीराम मामा याला हिस्लॉपने फासावर चढवले. या कृत्याबद्दल पुढे इंग्लंडातही त्याला जाब विचारला गेला. पण फासावरचा माणूस काही खाली उतरला नाही. घाटाने खानदेशाला दिलेली ही नव्या राज्याची पहिली ओळख.

मी पळासनेरला उतरलो तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. घाटाच्या पायथ्याचे हे गाव. मालमोटारींची रांग लागलेली, हॉटेलांच्या भट्ट्या पेटलेल्या, डिझेलचा वास आणि भज्यांचा वास एकत्र झालेला. २०२३ च्या जुलैत इथेच उतारावरून आलेला एक भरधाव कंटेनर हॉटेलात घुसला आणि दहाच्या वर माणसे गेली. घाट आजही माणसे खातो. फक्त त्याच्या हातातले शस्त्र बदलले आहे.

डांबरी सडकेने चढायचा माझा बेत होता. पण चहाच्या टपरीपाशी एक म्हातारे बाबा भेटले. डोक्याला मुंडासे, हातात काठी, पायांत टायरच्या वहाणा. मी कशासाठी आलो ते ऐकून ते हसले आणि म्हणाले, "गुरजी, मोटारनी वाट दखीसनी काय करशात? जुनी वाट मी दखाडस." मी म्हटले, "बाबा, तुमच्या वयाला झेपेल का?" त्यांनी माझ्या पोटाकडे एकदा पाहिले आणि काही न बोलता चालू लागले. उत्तर मिळाले!

पहिल्या अर्ध्या तासातच माझा दम उखडला. सालईची पांढुरकी झाडे, साग, अंजन, मधूनच मोहाचा जुना वृक्ष. पायाखाली निसटते काळे दगड. सडकेवरचा मोटारींचा घरघराट हळूहळू खाली राहिला आणि पानांची सळसळ तेवढी ऐकू येऊ लागली. एका वळणावर बाबांनी काठीने दगडाची एक ओळ दाखवली. कोणे एके काळी कोणीतरी वाटेच्या कडेला ती रचली असावी. मी म्हटले, "बाबा, ही वाट आता गेलीच म्हणायची." ते म्हणाले, "वाट कोठे गयी नही, गुरजी. मानसं गयात."

त्या ओळीवर बसून आम्ही भाकरी सोडली. भाकरी खाता खाता मी बाबांना धरणगावची हकीकत सांगितली, ती वाचकांनाही सांगतो.

१८१८ नंतर इंग्रजांनी खानदेशात प्रथम बंदुकीने कारभार करून पाहिला. कॅप्टन ब्रिग्ज हा इथला पहिला पोलिटिकल एजंट. त्याने घाट अडवले, डोंगरांची नाकेबंदी केली, नाईकांना पकडले. काहींना तनखेही देऊन पाहिले. एक टोळी मोडावी तर दुसरी उठे. तेव्हा १८२५ साली निराळा उपाय ठरला: भिल्लांचीच एक पलटण उभारायची. हे काम जेम्स औट्रम या बावीस वर्षांच्या तरुण अंमलदारावर सोपवले गेले. औट्रमने आधी लढाई केली, मग मैत्री. तो भिल्लांच्या वस्तीत जाऊन राहिला, त्यांच्याबरोबर वाघाच्या शिकारीला गेला, त्यांच्या भरवशावर निर्धास्त झोपला. विश्वासाला विश्वास मिळाला आणि माणसे येऊ लागली. धरणगाव हे या पलटणीचे ठाणे झाले. औट्रम सुमारे दहा वर्षे इथे होता. कन्नडच्या घाटाला त्याचे नाव आजही चिकटून राहिले आहे.

माणूस शूर होता, दिलदारही होता, हे कबूल केले पाहिजे. पण व्यवस्थेकडे पाहावे तर ती जुनीच होती: वाटेची किल्ली वाट जाणणाऱ्याच्या हाती. फरक एवढाच, की पूर्वी नाईक आपल्या घाटाचा राखणदार होता, आता शिपाई सरकारचा राखणदार झाला. उपाशी घरातल्या माणसाला महिन्याच्या महिन्याला पगार आणि अंगावर गणवेश मिळाला, म्हणून तो गेला. त्याला फितूर म्हणण्याचा अधिकार पोटभर जेवणाऱ्या माणसाला नाही.

सेंधव्याच्या घाटावर मात्र जुनी पद्धत थोड्या नव्या रूपात टिकून राहिली होती. इथला राखणदार गुमान नाईक. तो १८३३ साली वारल्यावर त्याचा मुलगा खाज्या नाईक घाटाचा नाईक झाला. सरकारी दप्तरात त्याचे नाव काजरसिंग असे येते. रस्त्याची चौकी त्याच्याकडे, गस्त त्याच्याकडे, वाटसरूची जोखीम त्याच्याकडे. अनेक वर्षे त्याने हे काम चोख केले आणि सरकारने त्याची वाखाणणीही केली. मग एका कैद्याचा त्याच्या हातून मृत्यू झाला असा ठपका येऊन त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. नाईक तुरुंगात गेला. मुदत संपण्यापूर्वीच त्याची सुटका झाली, आणि १८५७ साली उत्तरेत वणवा पेटल्यावर घाट सांभाळायला पुन्हा त्याचीच आठवण झाली. ज्याला बेडी घातली होती, त्याच्याच हाती किल्ली देण्यात आली.

ती किल्ली त्याने फिरवली, पण उलट्या बाजूने. १८५७ च्या पावसाळ्यानंतर खाज्या नाईक उठला. बडवानीकडचा भीमा नाईक त्याला मिळाला. मेवाश्या नाईक आणि खाज्याचा मुलगा दौलतसिंग हेही होते. हजार-दीड हजार माणसे जमली. शिरपूर लुटले गेले. नोव्हेंबरात आग्रा रस्त्यावरून चाललेला सुमारे ७ लाख रुपयांचा सरकारी खजिना या मंडळींनी लुटला. तार तुटली, टपाल अडली, गाड्या थांबल्या. मुंबई आणि मध्य हिंदुस्थान यांना जोडणारी शीर एका माणसाने बोटाने दाबून धरावी, तसे झाले. तिकडे लखनौच्या वेढ्यात इंग्रजांचा एक सेनापती लढत होता. त्याचे नाव सर जेम्स औट्रम. आणि इकडे त्याने उभारलेली धरणगावची भिल्ल पलटण सातपुड्यातल्या भिल्लांचे बंड मोडायला निघाली होती!

बाबा हे सारे मान खाली घालून ऐकत होते. मी विचारले, "बाबा, तुम्हीच सांगा. खाज्या नाईक चोर होता, की राखणदार?" त्यांनी काठीने मातीत एक रेघ ओढली आणि म्हणाले, "ज्याले वाट ठाऊक नही, तो काय राखी आनि काय लुटी?" मी वहीत ते वाक्य लिहून घेतले. इतिहासाच्या कितीतरी पानांत मला ते इतक्या थोडक्यात सापडले नव्हते.

पुढचा चढ आम्ही मुकाट्यानेच चढलो. कारण पुढे जे सांगायचे होते, ते चालता चालता सांगण्यासारखे नव्हते.

११ एप्रिल १८५८. अंबापाणी. चैत्राच्या उन्हात डोंगर होरपळलेला, पळसाची फुले गळून गेलेली. मेजर इव्हान्सच्या हाताखालच्या फौजेने इथे खाज्या आणि भीमा यांच्या लोकांना गाठले. भिल्लांनी झाडे आणि खडक यांच्या आडून दिवसभर झुंज दिली. कंपनीच्या बाजूचेही अंमलदार आणि शिपाई पडले. पण तिरकमठ्यापुढे बंदूक सरस ठरली. खाज्याचा मुलगा दौलतसिंग या लढाईत पडला. भिल्लांचे साठाहून अधिक लोक रणात कामी आले. आणि लढाई संपल्यावर, जे हाती सापडले त्यांतल्या पन्नासाहून अधिक लोकांना जागच्या जागी लष्करी न्यायालयापुढे उभे करून गोळ्या घातल्या गेल्या. चारशेच्या आसपास बायकामुले पकडून नेली.

वाचकहो, सणाच्या दिवशी हा हिशेब तुमच्यापुढे मांडताना मला संकोच वाटतो. पण कानपूर आणि झाशी आपण सणाच्या दिवशीही अभिमानाने आठवतो ना? मग अंबापाणीला ओसरीवर का बसवायचे? त्या न्यायालयापुढे उभ्या राहिलेल्या माणसांत कोणी राजा नव्हता, कोणी पेशवा नव्हता. त्यांना खटल्याची भाषाही कळली नसेल. त्यांच्या नावाने एखादा पोवाडा आमच्या गावात म्हटला जात नाही, आणि आमच्या क्रमिक पुस्तकात त्यांना एक ओळ मिळवायची तरी मास्तराला स्वतःहून सांगावी लागते.

दुपारी आम्ही माथ्यावर पोचलो. बिजासनी देवीच्या देवळात घंटा वाजत होती. खानदेशातून आलेली एक मंडळी नारळ फोडत होती. निमाडातून आलेली दुसरी मंडळी हळद-कुंकू वाहत होती. दोन राज्ये, दोन भाषा, एक देवी. मी दक्षिणेकडे तोंड करून उभा राहिलो. खाली खानदेश पसरला होता, पिवळट हिरवा, मध्ये तापीच्या खोऱ्यावर धुरकट पडदा. मग उत्तरेकडे वळलो. तिकडे निमाडचे पठार नर्मदेच्या दिशेने उतरत गेलेले. आणि त्या उत्तरेकडे पाहताना मला दुसऱ्या एका माणसाची आठवण झाली, जो एका नोव्हेंबरात या दाराच्या पलीकडे येऊन परत फिरला.

रामचंद्र पांडुरंग, ऊर्फ तात्या टोपे. नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याचा माणूस. १८५८ च्या ऑक्टोबरअखेर, सगळीकडे पराभव होत असताना, त्याने होशंगाबादच्या बाजूला नर्मदा ओलांडली. पेशवाई बुडाल्यावर चाळीस वर्षांनी पेशव्याच्या नावाने एक फौज नर्मदेच्या दक्षिणेला आली. मुंबईपासून मद्रासपर्यंत इंग्रज अंमलदार अस्वस्थ झाले; कारण हा माणूस दक्षिणेत उतरला, तर जुन्या मराठी मुलखात काय पेट घेईल याचा नेम नव्हता. पण तात्या उतरणार कोठून? नागपूरचा रस्ता अडवलेला, मेळघाट अडवलेला, असीरगडाच्या दारात पहारा. दारामागून दार बंद सापडत तो पश्चिमेकडे सरकत गेला. खरगोणवरून येऊन २३ नोव्हेंबरला त्याने आग्रा रस्ता गाठला, व्यापाऱ्यांच्या गाड्या लुटल्या, तारा तोडल्या. घाट आता दक्षिणेला, हाकेच्या नाही तरी मजलेच्या अंतरावर होता. पण इंग्रजी फौज पाठीवर होती. तात्या घाटाकडे न वळता राजपूरकडे गेला, नर्मदा ओलांडून पुन्हा उत्तरेला निघाला, आणि १ डिसेंबरला छोटा उदेपूरला त्याचा पराभव झाला. पुढच्या एप्रिलात त्याला पकडले आणि १८ एप्रिल १८५९ रोजी शिप्रीला फाशी दिले.

इतिहासात जर-तरला जागा नसते असे आम्ही मुलांना शिकवतो. पण माथ्यावर उभ्या असलेल्या माणसाला ते मानवत नाही. हा घाट उतरला असता, तर तात्याचे येवले पुढे थोड्या मुक्कामांवर होते. आणि वर्षापूर्वी या घाटाची किल्ली ज्याच्या हातात होती, तो नाईक अंबापाणीच्या लढाईनंतर आपल्या उरलेल्या माणसांसह रानात होता. दार उघडणारा होता तेव्हा येणारा नव्हता. आणि येणारा आला तेव्हा उघडणाऱ्याचे हात तुटले होते. मोठमोठ्या मनसुब्यांचा निकाल कधी कधी असा एखाद्या घाटाच्या वेळापत्रकावर लागतो.

खाज्या नाईकाचा शेवट १८६० मध्ये झाला. लढाईत नाही, विश्वासघाताने. आसऱ्याला ठेवलेल्या एका मकराणी शिपायाने त्याला मारले. भीमा नाईक रानोमाळ भटकत आणखी काही वर्षे टिकला. १८६७ साली तो पकडला गेला. त्याला काळ्या पाण्यावर पाठवले आणि १८७६ साली तिथेच तो वारला. डोंगराच्या माणसाने समुद्राच्या मध्यभागी डोळे मिटले. आज बडवानी जिल्ह्यात धाबाबावडीला त्याचे स्मारक आहे.

आणि घाट? ज्यासाठी एवढे रक्त सांडले, त्या घाटाचे महत्त्वही एका शिटीने कमी केले. मुंबईहून निघालेली आगगाडी भुसावळवरून बऱ्हाणपूरच्या खिंडीतून वर गेली आणि १८७० च्या मार्चमध्ये जबलपूरला पूर्वेकडून आलेल्या रुळांना मिळाली. सातपुड्याचे पूर्वेचे दार सताड उघडले. बंजाऱ्यांचे तांडे विरत गेले, बैल विकले गेले, पश्चिमेच्या घाटात गवत उगवले. मोटारींचे युग आले तेव्हा कोठे हा घाट पुन्हा जागा झाला. आता त्याला राखणदाराची गरज उरलेली नाही; टोल घ्यायला यंत्र आहे.

उतरताना ऊन कलले होते. बाबांचे पाय अजून सकाळइतकेच हलके, माझे मात्र लाकडाचे झाले होते. पायथ्याला आल्यावर मी खिशात हात घातला. बाबांनी नोट घेतली नाही. म्हणाले, "घाट राखाना हक्क सरकार देस, गुरजी. वाट दखाडाना पैसा आम्ही लेत नही." थट्टेने म्हणाले की खरेच, मला अजून ठरवता आलेले नाही. निरोप घेताना मी वाकून नमस्कार केला. त्यांना त्यात फार नवल वाटले.

आमच्या खानदेशात दिवाळीला सातपुड्यावर आणखी एक चढण होते. तळोद्याकडून हजारो माणसे दऱ्याखोऱ्यांतून चालत अस्तंभ्याच्या शिखराला जातात. उंची १३२५ मीटर. तिथे अश्वत्थामा राहतो अशी श्रद्धा आहे. कपाळावरची जखम भरत नाही, म्हणून तो चिरंजीव वाटसरूंकडे तेल मागत हिंडतो. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला भीती वाटे. आता वाटते, सातपुड्याला हे दैवत अगदी शोभते. न भरलेल्या जखमा त्याच्या अंगावर पुष्कळ आहेत, आणि त्यांना थोडे तेल लावावे एवढेच मागणे आहे.

सुटी संपली. शाळा उघडल्यावर पहिल्याच तासाला मी त्या मुलाला उभे केले. म्हटले, "तू मला एक प्रश्न विचारला होतास आणि मी घंटेच्या आड लपलो होतो. आज उत्तर देतो." मग पाऊण तास मी वर्गाला सेंधव्याच्या घाटात नेऊन आणले. थाळनेर सांगितले, गुमान नाईक सांगितला, खाज्या सांगितला, धरणगावची पलटण सांगितली, अंबापाणी सांगितले. शेवटी त्या मुलाला म्हणालो, "तुझा पूर्वज पलटणीत गेला तो घरातली चूल पेटावी म्हणून. डोंगरातले उठले ते मान राहावी म्हणून. एकाच घरातल्या दोन भावांची ही दोन दुःखे आहेत. त्यांना एकमेकांवर घालणारा तिसरा होता. तू दोघांचाही वारस आहेस. एकाचीही लाज धरू नकोस."

तो काही वेळ गप्प उभा राहिला. मला वाटले, आता बसेल. पण तो म्हणाला, "गुरुजी, हे पुस्तकात कोठे आहे?"

मी म्हणालो, "अजून नाही."

"मग आम्ही वहीत लिहून घेऊ?"

त्या दिवशी मी फळ्यावर तारीख घातली, ११ एप्रिल १८५८, आणि तिच्याखाली लिहिले, अंबापाणी. सबंध वर्गाने ते उतरवून घेतले.